अर्जुनाचं ‘नाही’ आणि मारीचाचं ‘हो’



आजचं चिंतन श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या नवव्या श्लोकावर आहे. संजय धृतराष्ट्राला सांगतो की अर्जुनाने आपण लढणार नसल्याचं श्रीकृष्णांना सांगून टाकलं आणि तो गप्प झाला. श्लोक एवढाच. पाठ करताना आपण तो पटकन ओलांडतो, कारण पुढे आत्म्याचं अमरत्व आहे, स्थितप्रज्ञ आहे, सगळं मोठं मोठं आहे.

पण जरा थांबून बघा ना. गीता म्हटलं की आपल्याला देवाचं बोलणं आठवतं. ते बोलणं सुरू कशामुळे झालं? एका नकारामुळे. ज्याच्यावर सगळी भिस्त होती, त्याने ऐन वेळी नेमून दिलेलं काम करायला नकार दिला. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी, शंख वाजून झालेले, आणि हा म्हणतो मी नाही करणार. सातशे श्लोकांचा ग्रंथ या एका ‘नाही’वर उभा आहे.

गीतेला मॅनेजमेंटचं पुस्तक करायचं नाही मला. ती मोक्षशास्त्र आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस ऑफिसात जातो आणि तिथे आपण रोज कुणाला तरी ‘नाही’ म्हणत असतो किंवा कुणाचं तरी ‘नाही’ ऐकत असतो. मग त्या आठ-नऊ तासांत गीता आपल्याबरोबर नसेल, तर ती असणार कधी?

एकच ‘नाही’, दोन अर्थ

काही वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होतो तिथली गोष्ट सांगतो. एका मुलाला शुक्रवारी संध्याकाळी काम मिळालं. एका क्लायंटचा जुना डेटा सोमवार सकाळपर्यंत नव्या सिस्टीममध्ये हलवायचा होता. तो म्हणाला, “सर, हे मला जमेल असं वाटत नाही.”

माझं दोघांशीही बरं होतं. डबा त्या मुलाबरोबर खायचो आणि चहा टीम लीडबरोबर घ्यायचो. त्यामुळे दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्या. टीम लीड म्हणाला, “याला शनिवार-रविवार सोडवत नाही. आजकालच्या पोरांना ओनरशिप नाही. ॲटिट्यूडचा प्रॉब्लेम आहे.” मुलगा म्हणाला, “अरे, बॅकअप घेतलाय, पण तो परत चढतो का हे आजवर कुणी करून पाहिलेलं नाही. मध्येच काही बिघडलं तर आपण कुठे परत जाणार? यांना फक्त डेडलाइन दिसते.”

शब्द तेच होते. लीडला त्यात माणसाचा दोष ऐकू आला. मुलाच्या मनात मात्र कामातला दोष होता. आणि खरं सांगायचं तर मुलाने तो दोष उघडपणे मांडलाच नव्हता. ‘जमेल असं वाटत नाही’ एवढंच म्हणाला होता. त्यात बॅकअपचा ब सुद्धा नव्हता. लीडवरही वरून दडपण होतं. त्याने स्वतः वरच्यांकडे दोन दिवस मागितले होते आणि ते मिळाले नव्हते. पण हे त्याने मुलाला सांगितलं नाही. दोघांकडेही खरी कारणं होती आणि दोघांनीही ती खिशात ठेवली.

शेवटी आवाज चढला तेव्हा मुलगा म्हणाला, “बरं सर, करतो.” त्याने ते केलं. नशिबाने काही बिघडलंही नाही. त्यानंतर त्याने कुठल्याच कामाला ‘नाही’ म्हटलं नाही. मीटिंगमध्ये प्रश्न नाही, शंका नाही, दिलं ते काम गुपचूप. लीड खूश होता. म्हणायचा, “सुधारला बघ.” तीन महिन्यांनी मुलाने पेपर टाकले. लीडला खरंच आश्चर्य वाटलं. मला म्हणाला, “अरे, त्याची तर काही तक्रारच नव्हती!”

आजच्या श्लोकाकडे मी या गोष्टीच्या उजेडात बघतो. ‘नाही’ बंद झालं म्हणजे विरोध संपला असं वरच्याला वाटतं. खालच्याने मात्र फक्त बोलणं सोडलेलं असतं.

भगवंतांनी अर्जुनाचं कसं ऐकलं

आता कुरुक्षेत्रावर या. पहिल्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. त्यात श्रीकृष्ण बोलतात ते जेमतेम एक वाक्य, रथ मध्ये आणून उभा केल्यावर या जमलेल्या कौरवांकडे बघ, एवढंच. त्यानंतर अर्जुन बोलत राहतो. अंग थरथरतंय, गांडीव हातातून सुटतंय, त्वचेचा दाह होतोय. मग तो कारणं देतो, आपलीच माणसं मारून सुख कसलं, कुळाचा नाश झाला तर धर्माचं काय. भगवंत एकदाही मध्ये बोलत नाहीत. ज्याला सगळं आधीच माहीत आहे, तो सगळं ऐकून घेतो!

मग दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ते बोलतात आणि पहिलं बोलणं कडक आहे. हे तुला शोभत नाही, मनाचा हा दुबळेपणा टाक, ऊठ. कुठलाही वरिष्ठ पहिल्यांदा असंच काहीतरी म्हणेल. पण त्याने काम झालं का? नाही. अर्जुन उलट विचारतो की ज्यांची पूजा करायची त्या भीष्म-द्रोणांवर बाण कसे सोडू? त्यानंतर तो शरण येतो, मी तुझा शिष्य आहे, मला नीट सांग असं म्हणतो. आणि शरण आल्यानंतरही पुन्हा नकारच देतो! तोच आपला आजचा श्लोक.

इथे भगवंत काय करतात? पुढचाच श्लोक सांगतो की ते जणू हसतमुखाने बोलू लागले. आवाज चढवला नाही. ‘दुसरा धनुर्धर बघतो’ असंही म्हणाले नाहीत. फटकारून जे झालं नाही, ते समजावून सांगायला त्यांनी सुरुवात केली. नकार देणारा माणूस त्यांनी भित्रा म्हणून निकालात काढला नाही. त्याच्या नकारामागे शोक आहे, मोह आहे, गोंधळ आहे हे ओळखलं आणि त्या गोंधळाला उत्तर दिलं.

बरं, अर्जुन तरी लगेच मान डोलावतो का? तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात त्याची तक्रार आहे. कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ आहे असं तुझं मत असेल, तर मला या भयंकर कामात का ढकलतोस? तू असं मिसळलेलं बोलतोस की माझा गोंधळ वाढतो. आपल्या ज्ञानोबा माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्यात ही तक्रार आणखी रंगली आहे. माउलींचा अर्जुन देवाला सरळ विचारतो की वैद्यानेच रोग्याला विष पाजलं तर तो रोगी जगायचा कसा? आपल्या गुरूला, सख्याला, प्रत्यक्ष परमेश्वराला भक्त असं विचारू शकतो आणि देव रागावत नाही. मला ही जागा फार आवडते.

आणि शेवट बघा. अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. त्यानंतर पुन्हा विचारतात, नीट ऐकलंस ना, मोह गेला ना? तेव्हा कुठे अर्जुन म्हणतो की माझे संशय गेले, आता तू सांगशील तसं करीन. क्रम लक्षात घ्या. आधी संशय गेले, मग होकार आला. म्हणून तो होकार शेवटपर्यंत टिकला.

रावणाने मारीचाचं कसं ऐकलं

आता दुसरा नकार. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात रावण मारीचाकडे येतो. काम ठरलेलं आहे. सोन्याचं हरीण हो, रामाला आश्रमापासून लांब ने, मी सीतेला पळवतो. मारीच नको म्हणतो. तो आळशी नाही आणि कामचुकारही नाही. त्याला अनुभव आहे. विश्वामित्रांच्या यज्ञात रामाच्या बाणाने त्याला थेट समुद्रात फेकलं होतं. आता ‘र’ने सुरू होणारा शब्द ऐकला तरी त्याला धडकी भरते. तो रावणाला परोपरीने समजावतो की यात तुझं, तुझ्या कुळाचं आणि लंकेचं मरण आहे.

रावण काय उत्तर देतो माहीत आहे? मी तुला या कामाचे गुणदोष विचारायला आलेलो नाही, मदत मागायला आलोय. मंत्र्याने राजाशी कसं बोलावं, हात जोडून आणि विचारलं तरच, हेही तो वर ऐकवतो. मग एका हातात आमिष आणि दुसऱ्या हातात धमकी. काम केलंस तर राज्याचा वाटा, नाही केलंस तर मीच तुला मारतो.

मारीच हिशोब करतो. इथे मरायचं आहेच, मग रामाच्या हातून मेलेलं बरं. आणि तो ‘हो’ म्हणतो. काम अगदी चोख करतो. हरीण होतो, रामाला लांब नेतो, मरताना रामाच्या आवाजात हाकही मारतो. रावणाच्या दृष्टीने विरोध मोडला आणि काम फत्ते झालं. पुढे लंकेचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. अर्जुनाचा नकार मोहातून आला होता, त्याचं चुकत होतं. मारीचाचा नकार अनुभवातून आला होता, त्याचं बरोबर होतं. पण ज्याचं चुकत होतं त्याला अठरा अध्याय मिळाले आणि ज्याचं बरोबर होतं त्याला मरणाची धमकी मिळाली. समोरच्याचा नकार कुठल्या जातीचा आहे हे ऐकून घेतल्याशिवाय कळतच नाही. रावणाला ते कळण्याची सोयच नव्हती, कारण त्याने ऐकण्याआधीच ठरवलं होतं.

आणि हेही लक्षात घ्या की ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे. भगवंतांनी अर्जुनाचं सगळं ऐकलं, पण त्याचा नकार मान्य केला नाही. काम तेच राहिलं, युद्ध झालंच. फरक एवढाच की अर्जुन तिथे धाकाने उभा नव्हता, समजून उभा होता.

‘हा घाबरलाय’ म्हणण्याची सोय

महाभारतातलाच आणखी एक प्रसंग आहे, तो फारसा सांगितला जात नाही. द्यूतात द्रौपदी पणाला लागल्यावर दुर्योधन तिला सभेत आणायला प्रातिकामी नावाच्या सेवकाला पाठवतो. तो जातो, पण द्रौपदी प्रश्न विचारते की युधिष्ठिर आधी स्वतःला हरले की मला? तो तिला ओढून आणत नाही, प्रश्न घेऊन परत येतो. पुढे एका क्षणी तो दुर्योधनाचा हुकूम बाजूला ठेवून सभेलाच विचारतो, मी तिला काय सांगू?

सभेत भीष्म होते, द्रोण होते. एका साध्या सेवकाने विचारलेला तो प्रश्न सगळ्यांना वाचवू शकला असता. पण दुर्योधन म्हणाला, हा भीमाला घाबरतो. आणि त्याने दुःशासनाला पाठवलं.

किती सोपं आहे बघा! काम अडलं की करणाऱ्याला नाव द्यायचं. भित्रा, आळशी, निगेटिव्ह, टीम प्लेअर नाही. नाव दिलं की त्याने आणलेला प्रश्न बघावा लागत नाही. मग प्रश्न न विचारणारा दुःशासन शोधला की झालं. तुमच्या हाताखाली चार माणसं असतील तर आज स्वतःला एवढंच विचारा, मला प्रातिकामी हवा आहे की दुःशासन?

पण आपलं ‘नाही’ तरी कुठून येतं?

तुम्ही म्हणाल, म्हणजे आता प्रत्येक कामाला नाही म्हणायचं आणि वर अर्जुनाचं नाव सांगायचं का? अजिबात नाही. गीता वरच्यालाच आरसा दाखवते असं नाही.

अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार आहेत. नेमून दिलेलं कर्तव्य मोहाने टाकलं तर तो तामस त्याग. काम त्रासाचं आहे, शरीराला कष्ट पडतील या भीतीने टाकलं तर तो राजस त्याग आणि त्याचं काही फळ मिळत नाही. आणि सात्त्विक त्याग म्हणजे काम टाकणं नव्हेच. काम करायचं, पण आसक्ती आणि फळाची हाव सोडायची.

ही चाळणी फार उपयोगी आहे. ‘नाही’ तोंडातून निघण्याआधी एक मिनिट थांबून बघायचं. मला काम नीट समजलंच नाही म्हणून मी नाही म्हणतोय का? मग आधी विचारून घेऊ. मला कंटाळा आलाय, किंवा या कामात माझं नाव होणार नाही, म्हणून नाही म्हणतोय का? मग उठावं आणि करावं. का मला यात खरंच काही धोका, काही अन्याय दिसतोय जो समोरच्याला दिसत नाहीये? तसं असेल तर गप्प बसणंच चूक आहे. तिथे बोलणं हेच आपलं कर्तव्य.

आणि बोलायचं कसं, तेही अर्जुनाकडून शिकावं. त्याने तीन गोष्टी केल्या. ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं, मागे जाऊन भीमाकडे कुरकुर केली नाही. कारणं सांगितली, नुसतं ‘जमणार नाही’ म्हटलं नाही. आणि धनुष्य खाली ठेवलं तरी तो रथातून उतरला नाही. पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या श्लोकात तो रथातच बसलेला आहे. म्हणजे नकार दिला, पण नातं सोडलं नाही. मला पटत नाहीये, पण मी इथेच आहे, मला समजाव. असा नकार ऐकणं कुठल्याही चांगल्या वरिष्ठाला जड जाऊ नये.

एक गोष्ट राहिली. प्रत्येक गप्प बसलेला माणूस नकारच देत असतो असंही नाही. समुद्रकिनारी वानर बसले होते. शंभर योजनं ओलांडायची कुणी? अंगद म्हणाला, जाईन, पण परत येता येईल की नाही याची खात्री नाही. राजपुत्र असून त्याने आपली मर्यादा मोकळेपणाने सांगितली आणि कुणी त्याला हसलं नाही. हनुमंत मात्र एका बाजूला शांत बसले होते. जांबवंत त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी त्यांना त्यांचा जन्म, त्यांचं बळ आठवून दिलं. ‘तू का पुढे येत नाहीस’ म्हणून दम दिला असता तर ते उड्डाण झालं असतं का, कोण जाणे. तुमच्या टीममध्येही असा कुणीतरी कोपऱ्यात बसलेला असेल. त्याला रिमाइंडर मेलपेक्षा जांबवंताची जास्त गरज आहे.

आजची साधना

आज दिवसभरात कुणी तुम्हाला ‘नाही’ म्हणालं, मग ते ऑफिसात असो की घरी, तर उत्तर देण्याआधी एकच प्रश्न विचारा, “तुला यात काय अडचण दिसतेय?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. भगवंतांनी एक पूर्ण अध्याय ऐकला, आपल्याला पाच मिनिटं जमायला हरकत नाही.

आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणावंसं वाटलं, तर आधी अठराव्या अध्यायाची चाळणी लावा. तरीही ते ‘नाही’ उरलं, तर खरं कारण खिशात न ठेवता नम्रपणे समोर ठेवा. ऐकणारा कृष्णासारखा असेलच असं नाही, रावणासारखाही निघू शकतो. पण निदान त्याच्या कानावर खरं पडलेलं असेल आणि तुमच्या मनावरचं ओझं उतरलेलं असेल.

हे पार्थसारथी, आमच्या हाताखालच्यांना आमच्यासमोर निर्भयपणे बोलता यावं असे कान आम्हाला दे. आणि आम्ही ज्यांच्या हाताखाली आहोत, त्यांच्यासमोर खरं बोलता येईल अशी वाणी दे. आमचं ‘नाही’ मोहाचं नसो आणि आमचं ‘हो’ भीतीचं नसो.

श्रीकृष्णार्पणमस्तु. राम कृष्ण हरी!